पन्नासातला सातवा

नावाजलेल्या चित्रकाराचं तैलचित्र पगारदार माणसाच्या आवाक्यात येत नाही. मर्यादित आवृत्तीची प्रिंट मात्र येऊ शकते. तोच कलाकार, कागदावर त्याचीच सही, आणि किंमत कित्येक पटींनी कमी. म्हणून माझ्यासारखी बरीच मंडळी या वाटेला लागतात. पण इथे सहीच्या जोरावर काहीही खपतं, आणि पेन्सिलीनं लिहिलेला '७/५०' असा आकडा दिसला की भलेभले विरघळतात. वर्षानुवर्षं प्रदर्शनं, लिलावांचे कॅटलॉग आणि फ्रेमवाल्यांची दुकानं पालथी घातल्यावर माझं एकच मत झालं आहे: नाव आणि आकडा नंतर, आधी हातातला कागद बघायचा. किंमत बरीचशी त्या कागदावरच लिहिलेली असते. ती कशी वाचायची, याबद्दलचे हे अनुभवाचे बोल.

१. पहिला प्रश्न: हे छापलं कसं?

कोणाचं आहे, हा दुसरा प्रश्न. लाकूड किंवा लिनोलियम कोरून उरलेल्या उठावावर शाई फिरवली की वुडकट आणि लिनोकट होतात. तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर आम्लानं रेषा खायला लावून त्या खळग्यांत शाई भरली की एचिंग. दगडावर तेलकट खडूनं चित्र काढून तेल-पाण्याच्या वैराचा फायदा घेतला की लिथोग्राफ. ताणलेल्या जाळीतून एकेक रंग ओढला की सेरिग्राफ, म्हणजे आपलं स्क्रीन प्रिंटिंग. पाचवा प्रकार सध्या फार बोकाळला आहे. मूळ चित्राचा फोटो काढायचा, भारी कागदावर इंकजेटनं छापायचा, त्याला 'जिक्ले' म्हणायचं आणि खाली सही घ्यायची.

इंकजेट वाईट असं माझं म्हणणं नाही. संगणकावरच घडलेलं काम असेल, तर तेच त्याचं मूळ रूप. पण तैलचित्राची इंकजेट प्रत म्हणजे उत्तम दर्जाची नक्कल, आणि दर नकलेचाच द्यावा. गंमत म्हणजे हा भेद आपल्या सीमाशुल्काच्या दरपत्रकातही आहे. त्याच्या ९७ व्या प्रकरणात मूळ छापचित्राची व्याख्या दिली आहे: कलाकारानं संपूर्णपणे हातानं केलेल्या एक किंवा अनेक प्लेटांवरून थेट काढलेले ठसे. यांत्रिक किंवा फोटो-यांत्रिक पद्धतीनं काढलेल्या प्रती त्यात धरलेल्या नाहीत. कलासमीक्षकांचे वाद चालू राहोत, सरकारी दरपत्रक मात्र मोकळं झालं आहे.

२. भिंग खिशात ठेवा

सराफ आणि घड्याळजी वापरतात तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग फार महाग नसतं, पण त्यामुळे वाचणारे पैसे मोठे असतात. खाली काय दिसायला हवं ते एकदा डोळ्यांत बसलं की झालं. सेरिग्राफमध्ये रंगाचा सलग, अपारदर्शक थर दिसतो. त्याची कड धारदार असते, आणि एका रंगावर दुसरा चढला असेल तिथे किंचित पायरी जाणवते. एचिंगमध्ये शाईची रेष कागदातून जरा वर उचललेली असते, आणि चित्राभोवती प्लेटच्या दाबानं बसलेली चौकट दिसते. लिथोग्राफमध्ये खडूचा अनियमित दाणा दिसतो. ऑफसेटमध्ये, म्हणजे यंत्रावरच्या व्यापारी छपाईत, मात्र निळ्या, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांची फुलं फुललेली असतात, अगदी मासिकाच्या मुखपृष्ठासारखी. इंकजेटमध्ये बारीक तुषार उडाल्यासारखे कण दिसतात.

दक्षिण मुंबईतल्या एका विक्रेत्याकडे मी 'सेरिग्राफ' अशी चिठ्ठी लावलेला एक कागद पाहत होतो. चित्रकार मोठा, सही पेन्सिलीची, आकडा शंभरातला. टेबलावरच्या दिव्याखाली भिंग टेकवलं, तर घोड्याच्या मानेवरचा सपाट वाटणारा लाल रंग फुटून किरमिजी आणि पिवळे ठिपके झाले. मी भिंग विक्रेत्याच्या हातात दिलं. त्यांनी पाहिलं, थोडं थांबले आणि म्हणाले, ''साहेब, भिंतीवर लावल्यावर भिंग घेऊन कोण बघणार आहे?'' त्यांचं खरंच होतं. मात्र मग चिठ्ठीवर 'सेरिग्राफ' आणि खाली सेरिग्राफची किंमत कशाला लिहायची? नमस्कार करून मी जिना उतरलो.

३. अपूर्णांकाच्या बाहेरही प्रती असतात

'७/५०' म्हणजे पन्नासांच्या आवृत्तीतली सातवी प्रत. ती सातव्या क्रमानं छापली गेली असं नाही. ठसे वाळवताना त्यांचा क्रम मोडतो, आणि आकडे शेवटी गठ्ठ्यावर घातले जातात. त्यामुळे '१/५०' साठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. याला अपवाद ड्रायपॉइंटचा. त्यात सुईनं पत्रा ओरखडताना कडेला उठलेली धातूची बारीक किनार शाई धरून ठेवते आणि रेषेला मखमली काळेपणा देते. छपाईच्या दाबाखाली ती किनार लवकर झिजते, म्हणून सुरुवातीचे ठसे खरोखरच सरस असतात. तिथेही आकड्यावर विसंबू नका. दोन प्रती शेजारी ठेवून काळेपणा बघा.

शिवाय पन्नास म्हणजे पन्नासच नव्हे. 'ए.पी.' लिहिलेल्या कलाकाराच्या स्वतःच्या प्रती असतात. त्या साधारण आवृत्तीच्या दहा टक्के असाव्यात असा रिवाज आहे. 'पी.पी.' मुद्रकाच्या प्रती, 'एच.सी.' विक्रीबाहेरच्या प्रती, आणि 'बी.ए.टी.' म्हणजे 'याबरहुकूम छापा' असा शेरा मारलेला नमुना ठसा. अँडी वॉरहॉलच्या १९६७ मधल्या मेरिलिन मन्रोच्या संचाची आवृत्ती २५० ची होती, पण ए ते झेड अक्षरं घातलेले आणखी २६ संच होते. बँक्सीच्या 'गर्ल विथ बलून'च्या २००४ मधल्या आवृत्तीत सहीच्या १५० आणि बिनसहीच्या ६०० प्रती निघाल्या. प्रतिमा तीच असली, तरी बाजारात त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. तेव्हा विकत घेताना 'एकूण किती कागद छापले?' असं थेट विचारावं. उत्तर गुळमुळीत आलं, तर समजून जावं.

४. मर्यादा कोणी घातली, तेही बघा

तांब्याची प्लेट झिजते, म्हणून एचिंगला निसर्गतःच एक मर्यादा असते. सेरिग्राफची मर्यादा जाळी धुऊन टाकल्यावर येते. इंकजेटची मर्यादा फक्त शब्दाची, कारण फाइल संगणकात शाबूत असते. डेमियन हर्स्टनं २०२१ मध्ये 'द व्हर्च्यूज' या नावानं चेरीच्या बहराच्या आठ प्रिंट्स काढल्या. मागणी नोंदवायला सहा दिवस दिले, आणि जेवढ्या नोंदी आल्या तेवढी आवृत्ती ठरली. आठही मिळून ७,४८१ प्रती गेल्या. यात लपवाछपवी काहीच नव्हती, पण हजारो घरांत असलेली वस्तू दुर्मीळ म्हणून पुन्हा विकायला निघालात, तर गिऱ्हाईक जपून बोलणार.

आपल्याकडे याचं उलटं उदाहरण आहे. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं घरोघरी जाण्यासाठीच छापलेली. त्यांना ना आकडा, ना मर्यादा. पण देवघरातल्या धुरानं, ओलीनं आणि वाळवीनं त्यातली बहुतेक संपवली. चांगल्या अवस्थेत उरली त्यांना आज संग्राहक शोधत फिरतात. दुर्मीळपणा छापताना ठरवता येतो तसा काळाच्या ओघातही येतो. आज काही हजारांत छापलेलं शंभर वर्षांनी दुर्मीळ होईलही, पण तोवर थांबायची तयारी हवी.

५. सहीला दंडवत घालू नका

सही पेन्सिलीनं करण्याची प्रथा आहे. पेन्सिल कागदाच्या धाग्यांत बसते आणि छापील सहीपासून वेगळी ओळखू येते. ती आवश्यक आहे, पण पुरेशी नाही. १९७४ मध्ये फ्रान्सच्या कस्टम्सनं अडवलेल्या एका ट्रकमध्ये साल्वादोर दालीच्या सहीचे सुमारे ४०,००० कोरे कागद सापडले. सही खरी, आणि तिच्यावर पुढे काय छापलं जाणार ते देव जाणे. म्हणूनच त्याच्या उत्तरकाळातल्या प्रिंट्सकडे बाजार आजही तिरक्या नजरेनं बघतो.

चित्रकाराच्या मृत्यूनंतर वारसांनी काढलेल्या आवृत्त्याही बऱ्याच असतात. त्यांवर वारसाची सही किंवा शिक्का असतो. त्या बेकायदा नाहीत, पण कलाकारानं तो ठसा पाहिला नव्हता, 'हा रंग अजून गडद करा' असं म्हटलं नव्हतं. हयातीतल्या आवृत्तीपेक्षा त्यांची किंमत कमीच धरावी. आणि प्रमाणपत्र? विकणाऱ्यानंच स्वतःच्या मालाला दिलेलं प्रमाणपत्र म्हणजे भाजीवाल्यानं 'ताजीच आहे, ताई' म्हणण्यासारखं. ते कोणी दिलं यावर त्याचं वजन. बँक्सीच्या कामांना 'पेस्ट कंट्रोल' या त्याच्याच संस्थेचा कागद लागतो, तो नसेल तर मोठी लिलावघरं सहसा हात लावत नाहीत. तसा कलाकाराकडून, छापखान्याकडून किंवा प्रकाशकाकडून आलेला कागद मागावा.

६. ज्याची भाषाच छापचित्र, त्याच्यापासून सुरुवात करा

माझा सगळ्यांत आवडता सल्ला हाच. मोठ्या चित्रकाराच्या कॅनव्हासवरून केलेल्या सेरिग्राफपेक्षा जातिवंत छापचित्रकाराचं काम घ्यावं. सेरिग्राफ कुशल कारागिरांनी वीस-तीस रंगांत कितीही देखणा उतरवला, तरी तो दुसऱ्या एका वस्तूची आठवण असतो. छापचित्रकाराचा ठसा हीच मूळ वस्तू असते.

कृष्णा रेड्डींचं उदाहरण घ्या. ते मुळात शिल्पकार. पॅरिसच्या 'आतलिये १७' या छापचित्रांच्या कार्यशाळेत स्टॅनली हेटर यांच्या सहवासात त्यांनी एकाच प्लेटवरून एकाच दाबात अनेक रंग छापण्याचं तंत्र विकसित केलं. पत्रा ते शिल्पासारखा वेगवेगळ्या खोलीवर कोरत. तेल जास्त घातलेली पातळ शाई कडक रोलरनं फक्त वरच्या पातळीवर बसे. घट्ट शाई मऊ रोलरनं खोलवर पोचे, पण आधीच्या तेलकट थरावर चढत नसे. तेलाच्या कमी-जास्त प्रमाणानं रंग एकमेकांपासून अलग राहत. त्यांची १९६३ मधली 'व्हर्लपूल' जवळून पाहा. निळ्यातून नारिंगी जिथे उगवतो, ती रेषा कुंचल्याची नाही, शाईच्या चिकटपणाची आहे. असं काम कॅनव्हासवर होऊच शकत नाही.

सोमनाथ होर यांच्या 'वुंड्स' मालिकेत तर शाईच नाही. मातीच्या किंवा मेणाच्या सपाट थरावर चाकूनं, तापल्या सळईनं घाव घालायचे, त्यावरून सिमेंटचा साचा घ्यायचा, आणि त्यात कागदाचा लगदा दाबून वाळवायचा. हाती येतो पांढऱ्यावर पांढरा कागद. फोटोत तो कोरा वाटतो. दिवा बाजूला सरकवला की चिरलेली कातडी दिसू लागते. ज्यांनी बंगालचा दुष्काळ डोळ्यांनी पाहून रेखाटला, त्यांच्या हातचे ते घाव आहेत. हे काम घेण्याआधी पाहायचं ते तिरप्या प्रकाशातच.

झरीना हाश्मींचा 'होम इज अ फॉरेन प्लेस' हा १९९९ मधला संच ३६ वुडकटचा आहे आणि त्याची आवृत्ती अवघी २५. दार, उंबरठा, अंगण, वाट यांसारख्या कल्पना मोजक्या काळ्या रेषांत, सोबत उर्दू अक्षरं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमसह काही संग्रहालयांत हा संच आहे. इथे मूल्यमापनाचा एक धडा मिळतो. संग्रहालयात गेलेली प्रत बहुधा बाजारात परत येत नाही. म्हणजे २५ ही कागदोपत्री संख्या झाली, फिरत्या प्रती त्याहून कमी. ज्योती भट्ट, अनुपम सूद, लक्ष्मा गौड यांची एचिंग्ज आणि मुंबईत अंधेरीला राहून लिनोकट कोरणारे चित्तप्रसाद हीसुद्धा अभ्यासाला उत्तम नावं.

७. कागदाची प्रकृती हीच निम्मी किंमत

आपल्याकडे, विशेषतः मुंबई-कोकणच्या पावसात, छापचित्राचा वैरी बाजारात नसतो, घरातच असतो. ओल, बुरशी, कसर, ऊन आणि फ्रेमवाला.

फ्रेमवाल्यांवर माझा राग नाही, पण त्यांचं सगळं शिक्षण देवादिकांच्या चित्रांवर आणि ग्रूप फोटोंवर झालेलं असतं. मी एकदा दुकानात उभा असताना एका बाईंनी एचिंग टेबलावर ठेवलं. दादांनी पट्टी लावली, कटर उचललं आणि म्हणाले, ''ही पांढरी बॉर्डर काढून टाकतो ताई, फ्रेम छोटी बसेल, पैसे वाचतील.'' त्या बॉर्डरवरच सही होती, आकडा होता, आणि प्लेटचा दाबही. मी मध्ये पडलो म्हणून कागद वाचला. पुढची पायरी ठरलेली होती: प्लायवर फेव्हिकॉल, वरून लाटणं फिरवून घट्ट चिकटवणं. मार्जिन कापलेल्या आणि चिकटवलेल्या प्रिंटची बाजारातली किंमत चिकटल्या क्षणी कोसळते.

म्हणून फ्रेमवाल्याला चिठ्ठीवर लिहून द्यावं: कापायचं नाही, चिकटवायचं नाही, सेलोटेप लावायची नाही. मागचा आणि पुढचा बोर्ड आम्लमुक्त हवा. कागद फक्त वरच्या बाजूनं, जपानी टिश्यूच्या दोन पट्ट्यांवर, गव्हाच्या खळीनं टांगलेला हवा. काच कागदाला टेकता कामा नये, मध्ये माउंटचं अंतर हवं, नाहीतर पावसाळ्यात शाई काचेला धरते. अतिनील किरण अडवणारं अ‍ॅक्रिलिक परवडलं तर उत्तम, पण तेही थेट उन्हाला उतारा नाही. बाहेरच्या, पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीवर काहीही लावू नये.

घेताना कागद फ्रेमबाहेर काढून बघायचा आग्रह धरावा. तपकिरी ठिपके, माउंटच्या कडेनं उमटलेली पिवळी चौकट, मागे टेपचे डाग, मध्ये सुरकुती. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून सुती चिंध्यांचा कागद करते आहे. तसला एखादा ताव आणि वर्तमानपत्राचा तुकडा महिनाभर खिडकीत शेजारी ठेवला, की कागदाच्या जातीवर वेगळं व्याख्यान ऐकावं लागत नाही.

८. किंमत काढायची रीत

'याची किंमत किती?' याला एक उत्तर नसतं. गॅलरी मागते तो एक आकडा, विमा कंपनीकडे नोंदवायचा दुसरा, आणि उद्या निकडीनं विकायला काढलंत तर हातात पडेल तो तिसरा. हा तिसरा नेहमी सगळ्यांत लहान. खरेदी करताना त्याचाच अंदाज घ्यावा.

माझी रीत साधी आहे. सॅफ्रनआर्ट, अस्तागुरू, पंडोल्स यांसारख्या लिलावघरांचे जुने निकाल संकेतस्थळांवर पाहता येतात. तिथे त्याच कलाकाराची, त्याच माध्यमातली, शक्यतो तीच प्रतिमा शोधायची. कॅनव्हासचा विक्रम बातमीत येतो, त्याचा प्रिंटशी काही संबंध नाही. एकच मोठा आकडा दिसला तर तो बाजूला ठेवायचा, दोन हट्टी माणसं भिडली असतील. चार-पाच निकालांचा मधला आकडा धरायचा आणि कागदाच्या अवस्थेप्रमाणे त्यात घट करायची. न विकल्या गेलेल्या कामांची नोंदही बघायची, कारण ती सगळ्यांत खरं बोलते. जाहीर झालेल्या किमतीत खरेदीदाराचं अधिमूल्य धरलं आहे का, तेही तपासायचं. हातोडा पडल्यावर त्यात साधारण वीस टक्क्यांच्या आसपास भर पडते, वर जीएसटी. विकणाऱ्यालाही कमिशन द्यावं लागतं. या दोन्ही टोकांच्या कात्रीतून सुटण्यापुरती किंमत वाढायलाच काही वर्षं जातात.

कराचंही ध्यानात असू द्या. मूळ छापचित्रांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिलावर ९७०२ हा कोड आहे का पाहावं. विक्रेत्यानं 'मूळ छापचित्र' म्हणून विकलं, हे त्यातून निदान लेखी राहतं. घरातल्या कपाटाला किंवा फ्रिजला भांडवली नफ्यातून जी सूट मिळते, ती चित्रांना नाही. २४ महिन्यांपेक्षा जास्त ठेवून विकल्यास नफ्यावर १२.५ टक्के कर आहे.

९. प्रत्येक प्रिंटची एक फाइल

बिल, प्रमाणपत्र, गॅलरीशी झालेला पत्रव्यवहार, कागदाच्या पुढच्या-मागच्या बाजूचे फोटो, सहीचा जवळून घेतलेला फोटो. हे सगळं एका ठिकाणी ठेवा आणि घरच्यांना दाखवून ठेवा. संग्राहक गेल्यावर मुलांना भिंतीवरचं काय ठेवायचं आणि काय भंगारात द्यायचं, हे त्या फाइलवरूनच कळणार असतं. आणखी एक: कागद तुमचा झाला म्हणून चित्राचा कॉपीराइट तुमचा होत नाही. ते कॅलेंडरवर किंवा लग्नपत्रिकेवर छापायला परवानगी लागते.

१०. तरुण हातांकडून घ्या

सर जे. जे. कला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनात प्रिंटमेकिंगच्या भिंतीपाशी थांबा. बडोद्याला गेलात तर 'छाप' या कार्यशाळेची चौकशी करा. विद्यार्थ्याचं एखादं एचिंग चांगल्या फ्रेमच्या खर्चात मिळून जातं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे करणारा समोर उभा असतो. 'प्लेट दाखवशील का?' म्हटलं की त्याचा चेहरा उजळतो. आम्लात किती वेळ ठेवली, कुठे मेण निसटलं, कोणता ठसा फाडून टाकला, ते सगळं तो सांगतो. इतकी माहिती कुठल्याच प्रमाणपत्रावर नसते. त्यातलं कोण पुढे मोठं होईल ते सांगता येत नाही, बहुतेकांची किंमत वाढणारही नाही. पण डोळा तयार होतो तो इथेच, आणि स्वस्तात.

११. घेण्यापूर्वीची शेवटची चाचणी

सगळी चौकशी झाली, निकाल पाहिले, भिंग लावून झालं की एक कोरा कागद घ्या आणि खालच्या मार्जिनवर आडवा धरा. सही झाकली, आकडा झाकला. उरलेल्याकडे दोन-पाच मिनिटं शांतपणे बघा. एवढंच तुमच्या भिंतीवर राहणार असेल, तरीही मागितलेले पैसे द्यावेसे वाटतात का? वाटत असतील तर घासाघीस करून घेऊन टाका. वाटत नसतील तर विक्रेत्याचे आभार माना आणि पुढच्या प्रदर्शनाची तारीख विचारा.